शब्दचर्चा: पैरवी, पाठपुरावा की वकिली?

रामबागची सून, इंदूर:
नमस्कार मंडळी. विचारायला एकच शब्द घेऊन आले होते, पण कागद पुढे ओढून बसल्यावर सात-आठ निघाले.

आमच्या भावजींना जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांच्यासारख्या तीस-चाळीस जणांची इथे एक संघटना आहे. पुढच्या महिन्यात तिच्या आणि आसपासच्या गावांतल्या अशाच संघटनांच्या मंडळींचं दोन दिवसांचं शिबिर आहे. बैठक कशी घ्यायची, इतिवृत्त कसं लिहायचं, हिशोब कसा ठेवायचा, माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा भरायचा, कलेक्टर कचेरीत मागणी घेऊन कसं जायचं, असं सगळं. पत्रक हिंदीत छापून झालंय. बऱ्हाणपूर आणि जळगावकडून मराठी घरांतली पोरं येणार, त्यांच्या घरच्यांना कळेल असं मराठी पत्रक हवं. ते माझ्या गळ्यात पडलं, कारण शुद्धलेखन मलाच येतं असा घरात एक जुना गैरसमज आहे.

हिंदी मथळा असा: 'मूक-बधिर संगठनों के लिए नेतृत्व एवं पैरवी प्रशिक्षण'. मी लिहिलं, 'मूकबधिर संघटनांसाठी नेतृत्व व पैरवी प्रशिक्षण'. दोन मिनिटांत झालं म्हणून खूश होते. भावजींनी कागद घेतला, 'मूक' खोडलं, 'पैरवी'खाली प्रश्नचिन्ह काढलं, 'साठी'भोवती गोल केला आणि चहा प्यायला निघून गेले.

'मूक' का खोडलं ते कळतं. 'साठी'चं नाही कळलं. पण आधी पैरवीचं सांगा. इंदुरी मराठीत 'त्यानं माझी पैरवी केली', म्हणजे माझी बाजू लावून धरली, असं आम्ही सर्रास म्हणतो. जळगावच्या आईला कळेल का?

जळगावचा मास्तर:
नाही कळणार. संस्थांच्या अहवालांत 'जनवकिली' असते, क्वचित 'पैरवी'ही. अहवालाबाहेर मी दोन्ही कुणाच्या तोंडी ऐकलेले नाहीत. आणि नुसतं 'वकिली' लिहिलंत तर पालक विचारतील, पोराला कोर्टात नेताय का आणि फी किती. 'पाठपुरावा' लिहा. नळाच्या जोडणीसाठी तीन वर्षं ग्रामपंचायतीत खेटे घातलेल्या माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

कोशवेडा, दांडिया बाजार, वडोदरा:
मास्तरांचा शब्द बरोबर, आणि गंमत म्हणजे तो पैरवीचा सख्खा भाऊ निघतो. पैरवी फारसीतून आली. 'पै' म्हणजे पाऊल, माग. 'रवी' म्हणजे चालणं. आपल्या 'रवाना'तलं 'रव' तेच. म्हणजे मागोमाग जाणं. मराठीत 'पाठ पुरवणे' म्हणजेही कुणाची पाठ न सोडणं. दोन्ही शब्द पायांचे. 'वकील' अरबी, ज्याच्या हाती काम सोपवलं तो. आणि ज्या इंग्रजी 'ॲडव्होकसी'साठी आपण ही शोधाशोध करतो आहोत, ती लॅटिनमधल्या 'हाक मारून मदतीला बोलावणे' यातून आलेली. तिच्या पोटात आवाज आहे. ऐकू न येणाऱ्यांच्या पत्रकात आवाजाच्या शब्दापेक्षा पायाचा शब्द बरा, असं आपलं माझं मत. शिवाय बिहारकडच्या हिंदीत पैरवी म्हणजे सरळ वशिला, तेही असू द्या लक्षात.

लष्करातली आत्या, ग्वाल्हेर:
सूनबाई, आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुनी माणसं 'रदबदली' म्हणायची. 'दरबारात रदबदली केली.' किती देखणा शब्द, आता कुणी विचारत नाही. 'शब्द टाकणे'ही आहे. आमच्या ह्यांनी कितीजणांसाठी शब्द टाकला, स्वतःसाठी एकदाही नाही.

रामबागची सून:
आत्या, शब्द सुरेख आहे, पण रदबदली दुसऱ्यासाठीच करतात ना? स्वतःची रदबदली कुणी करत नाही. वकिलीचंही तेच. शिबिर नेमकं उलट्या गोष्टीचं आहे: आपलं आपण जाऊन मागायचं. भावजींना आजवर प्रत्येक कचेरीत कुणीतरी सोबत लागलं, कधी सासरे, कधी मी. साहेब माझ्याकडे बघून विचारतात, 'ह्यांना काय हवंय?' हे समोरच्याच खुर्चीत बसलेले असतात.

मी आपली मागणी मांडण्याचे वाक्प्रचार काढत बसले होते. आवाज उठवणे, वाचा फोडणे, तोंड उघडणे, ब्र काढणे, गाऱ्हाणं सांगणे, शब्द टाकणे. सगळे तोंडाचे. 'संघटनेने प्रश्नाला वाचा फोडली' असं लिहिलं तर भावजी हसतील की चिडतील?

नाशिकचा बहिरा:
हसतील. मी तर हसतो. चौथ्या वर्षी तापात ऐकू येणं गेलं, तेव्हापासून हे वाक्प्रचार फक्त वाचत आलोय. ते काढून टाकायला जाऊ नका, भाषेत मग उरेल काय? आम्हीसुद्धा व्हिडिओ कॉल केला की 'काल बोललो त्याच्याशी' असंच लिहितो. हातांनी बोललो, पण बोललोच.

'मूक'चं मात्र वेगळं. आमच्यापैकी बहुतेकांचा घसा ठणठणीत असतो. जे ऐकलंच नाही ते बोलून कसं दाखवणार, एवढाच प्रश्न. मुंबईत माझगावला १८८५ मध्ये निघालेल्या शाळेच्या नावात 'डेफ अँड म्यूट्स' होतं, कलकत्त्याच्या १८९३ च्या शाळेच्या नावात 'डेफ अँड डंब'. मूकबधिर त्याच घराण्यातला. आणि मराठीतला 'मूक' कुणाच्या शेजारी बसतो बघा: मुकं जनावर, मुका मार, मूक संमती. यातलं शेवटचं मला सगळ्यांत जास्त लागतं. आम्ही काही बोललो नाही म्हणजे आमचा होकार, असं धरून आमच्या शाळांचे, आमच्या भाषेचे किती निर्णय झाले.

रामबागची सून:
इथे तर सगळीकडे तोच शब्द. तुकोगंज ठाण्यात पोलिस सहायता केंद्र आहे, त्याच्या नावात मूक-बधिर. लहानपणी चुकून पाकिस्तानात गेलेली, ऐकू न येणारी गीता २०१५ मध्ये परतली, ती इंदुरात ज्या संस्थेत राहिली तिच्याही नावात. मी काय करू?

जळगावचा मास्तर:
नोंदलेलं नाव असेल तर जसंच्या तसं छापा, त्याला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही. तुमच्या स्वतःच्या वाक्यात 'कर्णबधिर' लिहा.

कोशवेडा, वडोदरा:
'कर्णबधिर' ऐकलं की आमचे गुजराती शेजारी विचारतात, बधिर म्हणजेच बहिरा, मग पुन्हा कर्ण कशाला? त्यांना सांगावं लागतं की मराठीत बधिर कानातून निसटून अंगभर पसरला. पाय बधिर होतो, दाढ काढताना हिरडी बधिर करतात, बातम्या ऐकून मन बधिर होतं. म्हणून कान मुद्दाम लिहावा लागतो. हिंदीत नुसतं 'बधिर' पुरतं. मराठी पत्रकात 'बधिरांचे शिबिर' लिहिलंत तर भूलतज्ज्ञांचं संमेलन वाटेल.

इंग्रजीवाल्यांची आणखी एक सोय आहे, १९७२ मध्ये जेम्स वुडवर्ड या भाषाशास्त्रज्ञानं सुचवलेली. ऐकू न येणं ही शारीरिक स्थिती सांगायची तर 'डेफ' लहान अक्षरानं, आणि खुणांची भाषा बोलणारा समाज सांगायचा तर पहिलं अक्षर मोठं. आपल्या देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही. करायचं काय?

नाशिकचा बहिरा:
अनेकवचन करायचं. 'तो बहिरा आहे' ही स्थिती. 'आम्ही बहिरे' हा समाज. मोठ्या अक्षराचं काम 'आम्ही' करतो.

स्थितीचं मोजमाप कायद्यानं केलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणहानी असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा. मराठी वर्तमानपत्रं दोघांनाही कर्णबधिर म्हणून मोकळी होतात.

रामबागची सून:
कमी ऐकू येणाऱ्यांना आमच्या घरात 'आजोबा उंच ऐकतात' म्हणतात. हिंदीतल्या 'ऊँचा सुनना'वरून. पुण्याच्या नणंदेनं एकदा विचारलं होतं, 'कुठे चढून?'

लष्करातली आत्या, ग्वाल्हेर:
हे तर आमच्याकडेही! मला वाटायचं मराठीच आहे.

नाशिकचा बहिरा:
आता 'साठी'. तुमच्या भावजींनी गोल का केला ते मला लगेच कळलं. 'कर्णबधिरांसाठीची संस्था' आणि 'कर्णबधिरांची संघटना' यांत एका प्रत्ययाचा फरक आहे, आणि आमचं निम्मं भांडण त्या प्रत्ययाचं आहे. पहिलीत ऐकणारे लोक शाळा, वसतिगृह, श्रवणयंत्रं देतात आणि आम्ही घेतो. दुसरीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार आम्हीच. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात, जो भारतानं १ ऑक्टोबर २००७ ला मान्य केला, चौथ्या कलमात म्हटलंय की अपंगांबद्दलचे निर्णय घेताना त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांशी सल्लामसलत करायची. या कराराच्या समितीनं २०१८ मध्ये आणखी स्पष्ट केलं की प्रातिनिधिक म्हणजे 'ची'वाल्या, 'साठी'वाल्या नव्हेत. कचेरीत बोलावणं मात्र अजून 'साठी'वाल्यांनाच जातं, कारण त्यांच्याकडे फोन उचलून 'हॅलो' म्हणणारं कुणी असतं.

शिवाय तुमच्या मथळ्यात 'मूकबधिर संघटना' आहे. म्हणजे संघटनाच मुकी आणि बहिरी. अशा पुष्कळ असतात, पण ते तुम्हाला म्हणायचं नसावं.

जळगावचा मास्तर:
मान्य. 'कर्णबधिरांच्या संघटनांचे शिबिर'. मी तर म्हणतो 'नेतृत्व'ही काढा. पुढारपण, नेतागिरी, म्होरक्या, सगळ्यांना वास मारतो. 'कार्यकर्त्यांचे शिबिर' म्हणा, पालक निर्धास्त पाठवतील.

नाशिकचा बहिरा:
मास्तर, इथे तुमच्याशी पटत नाही. कार्यकर्ते आम्ही आहोतच. सतरंज्या आम्ही उचलतो, खुर्च्या मांडतो. अध्यक्षीय भाषण तेवढं ऐकणारा करतो. अमेरिकेत गॅलॉडेट नावाचं कर्णबधिरांचं विद्यापीठ आहे, १८६४ पासूनचं. १९८८ च्या मार्चमध्ये तिथे अध्यक्ष नेमायचा होता. कर्णबधिर उमेदवार असताना नियामक मंडळानं ऐकणाऱ्या बाईंना निवडलं. विद्यार्थ्यांनी दरवाजे अडवले, वर्ग बंद पाडले, आणि आठवड्याभरात बाईंनी राजीनामा देऊन आय. किंग जॉर्डन अध्यक्ष झाले. १२४ वर्षांतले पहिले कर्णबधिर अध्यक्ष. त्यांची मागणी काही 'कार्यकर्ता द्या' अशी नव्हती. शब्दाला वास येत असेल तर तो वापरून घालवावा लागेल, आम्हाला तो मिळायच्या आधीच काढून घेऊ नका.

जळगावचा मास्तर:
मागे घेतो.

कोशवेडा, वडोदरा:
यावरून आठवलं, 'मूक' आणि 'नेतृत्व' मराठीत एकदा एकत्र आले आहेत, आणि केवढ्या ताकदीनं! बाबासाहेबांचं पाक्षिक 'मूकनायक', ३१ जानेवारी १९२०. तिथे मूक कमीपणाचा नाही. मग 'मूक' अगदीच टाकाऊ कसा?

नाशिकचा बहिरा:
तिथले मूक बोलू शकत होते, त्यांना कुणी बोलू देत नव्हतं. दोष ऐकणाऱ्यांच्या पदरात पडतो, म्हणून तो शब्द पेटलेला आहे. शाळेच्या पाटीवरचा 'मूक' दोष आमच्या घशात घालतो.

रामबागची सून:
हे भावजींना वाचायला दिलं. बराच वेळ फोन परत दिला नाही.

आणखी एक. हिंदी पत्रकात 'इशारों की भाषा' आहे. मी 'इशाऱ्यांची भाषा' केलं.

जळगावचा मास्तर:
अहो ताई! मराठीत 'आंदोलनाचा इशारा', 'अतिवृष्टीचा इशारा', 'पोलिसांचा इशारा'. पालक म्हणतील पोरांना धमक्या द्यायला शिकवताहेत. 'सांकेतिक भाषा' लिहा. दिल्लीच्या केंद्रीय संस्थेच्या नावातही 'भारतीय सांकेतिक भाषा' आहे, २०२१ पर्यंत तिच्या कोशात दहा हजार शब्द झाले.

नाशिकचा बहिरा:
छापील मजकुरात सांकेतिक ठीक. मला मनातून 'खुणांची भाषा' आवडते. 'सांकेतिक' म्हटलं की हेरांची गुप्त लिपी डोळ्यांपुढे येते. पण घरच्या माणसांना 'खुणा' म्हटलं की वाटतं, तहान लागली की अंगठा तोंडाला लावतात तेवढंच. तिला व्याकरण आहे हे पटायला 'सांकेतिक'चा सुटाबुटातला थाट उपयोगी पडतो.

आणि 'इंटरप्रेटर'ला 'मदतनीस' लिहू नका. दुभाष्या लिहा. दुभाष्या इकडचं तिकडे पोचवतो, स्वतःच्या पदरचं घालत नाही, आमच्या वतीनं उत्तर देत नाही. मदतनीस हे सगळं करतो आणि वर घरी जाऊन सांगतो की आज मी अमक्याचं काम करून दिलं.

रामबागची सून:
हे वाचून मी जरा गप्प बसले. गेली बारा वर्षं मदतनीसच होते.

भावजींना 'पाठपुरावा' पसंत पडला. त्यांनी तो करून दाखवला: एक हात म्हणजे फाइल, दुसऱ्या हाताची दोन बोटं म्हणजे माणूस, आणि ती बोटं फाइलच्या मागे या टेबलावरून त्या टेबलावर, मग जिना चढून वर, मग पुन्हा खाली. ही कोशातली खूण नव्हे, त्यांची स्वतःची. सासूबाई म्हणाल्या, 'हे तर आपलं नळाचं प्रकरण.'

मथळा आता असा: 'कर्णबधिरांच्या संघटनांचे नेतृत्व व पाठपुरावा शिबिर'. खाली बारीक अक्षरात 'आपली बाजू आपण मांडू'. आत्या, रदबदलीला जागा मिळाली नाही, रागावू नका.

एकच ओळ उरली. समारोपाला टाळ्यांऐवजी सगळे दोन्ही हात वर धरून हलवतात. मी लिहिलं होतं, 'शेवटी उपस्थित मंडळी हात वर करतील'. सासूबाईंनी विचारलं, 'दोन दिवस शिकून शेवटी हात वर करणार? मग शिबिर कशाला?'

लष्करातली आत्या, ग्वाल्हेर:
सूनबाई, 'हात हलवून दाद देतील' असं लिही की. मराठीत दाद द्यायचीही असते आणि मागायचीही.

कोशवेडा, वडोदरा:
वा आत्या! फारसी 'दाद', मूळ अर्थ न्याय. गाण्याला देतात ती आणि सरकारात मागतात ती, एकच.

रामबागची सून:
दुसऱ्या दिवशीच्या सत्राचं नाव हिंदीत 'शिकायत निवारण' आहे. ते आत्ताच खोडून 'दाद कुठे मागायची' केलं. भावजींनी या वेळी कागदावर काहीच काढलं नाही, खिशात घालून छापखान्यात घेऊन गेले. एकटेच.