बेमिजीला आईबाबांना न्यावं का? (मिनेसोटा)

गंगापूररोडकर: मंडळी, आईबाबा सप्टेंबरअखेर ताईकडे मिनिआपोलिसला चाललेत आणि ती म्हणतेय एक वीकेंड बेमिजीला जाऊ, उत्तरेला तळ्याकाठचं गाव आहे, लाकूडतोडीवर वाढलेलं. नेटवर बघावं तर सगळीकडे त्या पॉल बन्यनच्या पुतळ्याचेच फोटो, त्यासाठी चार तास गाडीत बसायचं का? आईचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी.

सिडकोची_मुलगी: नक्की पाठव! पुतळा १९३७ चा, दंतकथेतला लाकूडतोड्या आणि शेजारी त्याचा निळा बैल, तळ्याला लागूनच आहे, अर्ध्या तासात बघून होतो. खरं जायचं ते इटास्का पार्कला, तिथून साधारण ५० किमी. मिसिसिपी तिथे उगम पावते, आधी उत्तरेला बेमिजीच्या तळ्यात येते आणि मग वळसा घालून दक्षिणेला जाते, साडेतीन हजार किमीच्या वर. उगमाशी एवढीशी, की लोक दगडांवरून पलीकडे जातात. आपण ब्रह्मगिरी चढून गोदावरीचं मूळ बघणारी माणसं, बाबांना फार आवडेल बघ. आणि इथे चढण नाही, पार्किंगपासून थोडंच चालायचं. दगड मात्र निसरडे असतात, आईंनी काठावरूनच पाय बुडवावेत.

पंचवटी_७८: लॉस्ट फॉर्टी, म्हणजे न तोडलेल्या जुन्या पाइनच्या जंगलाचा तुकडा, तेही सांगा कोणीतरी. त्या भागातले पाइन जवळपास सगळे कापले, ओंडके नदीतळ्यांतून वाहवत सॉ मिलपर्यंत न्यायचे. पण १८८२ च्या सर्व्हेत एका तुकड्यावर चुकून तळं दाखवलं गेलं म्हणून तिथे कोणी कुऱ्हाड घेऊन गेलंच नाही, ती झाडं अजून उभी आहेत, काही तर तीनशे वर्षांच्या वरची. बेमिजीहून तासभर तरी लागेल पण मी म्हणेन पुतळ्याला वेळ कमी द्या, इथे द्या. ती झाडं बघितल्याशिवाय किती जंगल गेलं ते कळतच नाही हो. आणि मुळात हा ओजिब्वे या तिथल्या मूळनिवासी लोकांचा प्रदेश, आजही आजूबाजूला त्यांची रिझर्व्हेशन्स, म्हणजे त्यांच्यासाठी राखीव जमिनी आहेत, तेही आईबाबांना जरूर सांगा.

गंगापूररोडकर: वा, हे तर ठाऊकच नव्हतं! जेवणाचं काय पण?

सिडकोची_मुलगी: किचन असलेली केबिन घ्या, डाळ तांदूळ कुकर बरोबर न्या, बाहेर शाकाहारी फार मिळत नाही. वाइल्ड राइस, म्हणजे तळ्यांत उगवणारं तांदळासारखं धान्य, मात्र नक्की घ्या, ओजिब्वे लोक होडीतून काठ्यांनी झोडून काढतात ते खरं, त्याचा सीझन नुकताच संपलेला असेल. शिजायला पाऊण तास लागतो, आधी भिजवा. स्वेटर, कानटोपी हवीच, सकाळी गारठा असतो. जंगलात रेंज जाते, ताईला मॅप आधीच डाउनलोड करायला सांग.