जुना संगणक चालता ठेवताना : सोलापूरकरांचे अनुभव

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, म्हणून धडधाकट मशीनही भंगारात निघतायत. आपल्या उन्हा-धुळीत काय टिकतं, काय बिघडतं, ते नेमकं लिहा.

साखर पेठ, दुरुस्ती
यंत्रमागाजवळच्या मशीनचा पहिला शत्रू म्हणजे सुताचे बारीक तंतू. ते पंख्याखाली, हीटसिंकच्या (प्रोसेसर गार ठेवणारा धातूचा ठोकळा) पात्यांवर घोंगडीसारखे बसतात. वरून ब्लोअर मारून निघत नाहीत. पंख्याचे स्क्रू काढा, थर चिमट्यानं सोलून घ्या, मग ब्लोअर. तेव्हा पंखा बोटानं धरून ठेवा. हवेनं भरधाव फिरला की बेअरिंग जातं.

प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट बदलायची तर हीटसिंक सरळ वर ओढू नका. एएमडीच्या जुन्या सॉकेटमधून वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच बाहेर येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी मधोमध एक ठिपका. जास्त लावली तर कडेनं ओघळते, गारवा वाढत नाही.

जुळे सोलापूर
साफसफाईनंतर पहिला खर्च एसएसडीचा (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), रॅमचा नंतर. ३२ बिट विंडोजला तर ४ जीबीसुद्धा पुरती वापरता येत नाही. लॅपटॉपची रॅम घेताना जुन्या पट्टीवर डीडीआर३ (१.५ व्होल्ट) आहे की डीडीआर३एल (१.३५ व्होल्ट) ते वाचा. १.३५ व्होल्टवाल्या लॅपटॉपला १.५ व्होल्टची पट्टी चालेलच असं नाही.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, जुनी आयडीई असेल तर नवी एएचसीआय करा. विंडोज १० जुन्या डिस्कवरून जशीच्या तशी उतरवलेली (क्लोन) असेल तर थेट बदलू नका, निळा पडदा येतो. विंडोजच्या एमएसकॉन्फिगमधून सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट होताना मोड बदला, सेफ मोड एकदा उघडला की ती खूण काढा.

अशोक चौक, हिशेबाचं काम
जीएसटीची साइट उघडत नाही म्हणून वायफायला दोष देण्याआधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख मागे गेली की ब्राउझर सुरक्षा प्रमाणपत्र नाकारतो. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल बदला. नवा ३ व्होल्टचा असतो.

विजापूर रोड
@अशोक चौक, अगदी बरोबर, आणि सेल बदलल्यावर बायोसमधला साटा मोडही तपासा, तो मूळ सेटिंगवर गेलेला असतो.

इंटरनेटपुरतं मशीन असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबीवर नीट. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, प्रिंटर आणि डिजिटल सहीचं टोकन तपासा. टोकन ओळखलं नाही तर त्या मशीनवर विंडोज राहू द्या.

साखर पेठ, दुरुस्ती
अजून एक. मदरबोर्डवरचे कपॅसिटर (छोट्या उभ्या डब्यांसारखे भाग) वरून फुगलेले दिसले तर सॉफ्टवेअरवर वेळ घालवू नका. तितक्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) टाका. ८५ अंशांचे स्वस्त मिळतात, पण आपल्या मे महिन्यात ते लवकर फुगतात.