मोठेपणी एडीएचडीचं निदान, लहानपणचा पुरावा कुठून आणायचा?

मदत हवी आहे. नवऱ्याला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा हा त्रास) असावं असं आम्हा दोघांनाही वाटतंय, सायकियाट्रिस्टकडे गेलो तर ते म्हणाले लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का ते बघावं लागेल, आईंना घेऊन या. आता सासूबाईंचं एकच, "माझा बाळ्या तासन्‌तास एका जागी बसायचा!" अहो बसायचा, पण खिडकीबाहेर बघत! प्रगतिपुस्तकात दरवर्षी शेरा, 'हुशार आहे, पण लक्ष नसते'. तो चालेल का दाखवायला? की मोठी बहीण, शाळेतला मित्र यांनी सांगितलेलं पण धरतात? टेस्टिंगला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे वेगळं जावं लागतं का? गॅस चालू ठेवून आंघोळीला जातो हो हा, आता चेष्टेचा विषय राहिला नाही. ज्यांचं मोठेपणी निदान झालंय त्यांनी प्लीज सांगा.