लसणाला पात भरपूर, पण गड्डा पोसत नाही. नाशिकच्या हवेत लसूण होतो का?

गच्चीबाग_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. इंदिरानगरात आमची गच्ची आहे, दिवसभर ऊन. मेथी, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो सगळं छान येतं. अडलंय ते फक्त लसणापाशी.

गेल्या हिवाळ्यात किराणा दुकानातल्या मोठ्या, पांढऱ्याशुभ्र गड्ड्याच्या पाकळ्या लावल्या होत्या. रोपं टरारून आली, पात गुडघ्याला लागेल एवढी. मार्च संपत आला तरी पात हिरवीगार, म्हणून एक रोप उपटलं. खाली कांद्याच्या पातीला असतं तसं जाडसर बूड, पाकळ्यांचा पत्ताच नाही. काही रोपांना गोटीएवढी एकच गोल कुडी धरली होती. शेजारच्या काकू म्हणतात, लसूण थंड मुलखातला, आपल्या उन्हाळ्यात त्याचं काही खरं नाही. पण मग गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात खेड्यातल्या बायका त्या बारक्या, जांभळट लसणाच्या जुड्या घेऊन बसतात, तो कुठून येतो?

बियाणं कुठलं घ्यावं, लावायचा कधी, आणि ते फ्रिजमध्ये ठेवून लावतात ते खरं का, हे कुणी अनुभवाने सांगेल का? यंदा घरचा लसूण काढायचाच आहे.

सातपूर_टेरेस

मी गड्ड्याच्या मागे लागत नाही. कुंडीत पाकळ्या दाटीने खोचतो आणि हिरवी पात कापून खातो. बाजरीच्या भाकरीबरोबर पातीचा ठेचा झकास लागतो. गच्चीवर एवढं पुरे.

कादवाकाठ

ताई, काकूंना सांगा, होतो आणि चांगला होतो. आमच्या निफाड तालुक्यात कांद्याच्या वाफ्यांच्या वरंब्यावर, पाण्याच्या दंडाच्या कडेने घरापुरता लसूण टोकायची पद्धत जुनी आहे. वर्षाचा लसूण विकत आणायचा म्हणजे आमच्या सासूबाईंना कमीपणा वाटायचा. बुधवारच्या बाजारात तुम्ही बघता तो असाच कुणाच्या तरी वरंब्यावरचा.

तुमचा लसूण उन्हाळ्याने बिघडलेला नाही. बियाणं आपल्या मुलखाचं नव्हतं. किराण्यात मिळणारा मोठ्या पाकळ्यांचा लसूण बहुतेक वेळा डोंगरी जातीचा असतो. हिमाचल, उत्तराखंडात ॲग्रीफाउंड पार्वती नावाची जात लावतात, गड्डा दणकट, पाकळ्या दहा ते सोळा. पण दिवस चांगला मोठा झाल्याशिवाय ती गड्डा धरत नाही. हिमाचलात जूनमध्ये दिवस १४ तासांच्या वर जातो. नाशिक २० अंश अक्षांशावर. इथे डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात १२ तासांचा आणि जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आतच. तोवर मे महिन्याच्या उन्हाने पात जळून गेलेली असते. म्हणून तुमची रोपं मार्च अखेरपर्यंत हिरवीगार राहिली. ती वाट बघत होती, पण हवा तसा दिवस इथे उगवतच नाही.

आपल्याला लहान दिवसात गड्डा धरणाऱ्या जाती हव्यात. चितेगाव फाट्यावर राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठानचं केंद्र आहे, त्यांच्या ॲग्रीफाउंड व्हाइट आणि यमुना सफेद या जाती मैदानी मुलखासाठीच आहेत. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा पर्पल, भीमा ओंकार आहेत. राहुरी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता आणि फुले बसवंत आहेत. बसवंतची साल जांभळी, वास उग्र, फोडणीत टाकला की घरभर कळतं. मला विचाराल तर गच्चीसाठी बसवंत किंवा भीमा पर्पल लावा. यातलं काहीच हाती लागलं नाही तर बुधवारी गंगेवर जाऊन त्या बायकांकडूनच गेल्या हंगामातली जुडी घ्या. जो लसूण इथल्या मातीत वर्षानुवर्षं गड्डा धरत आलाय, त्याच्याइतकी खात्री कुठल्याही पाकिटाची नाही. आणि चोरून येणारा चिनी लसूण तर लावूच नका. त्याच्या आयातीला २०१४ पासून बंदी आहे ती त्याच्यासोबत बुरशीचे रोग येतात म्हणून. मातीत एकदा बुरशी शिरली की ती काढता काढता जीव जातो.

आता तारीख. लसणाला गड्डा धरायला आधी थंडी लागते, मग लांबत जाणारा दिवस आणि वाढतं ऊन. आमच्याकडे निफाडला हिवाळ्यात पारा ४-५ अंशांवर येतो. त्या रात्री द्राक्षवाले बागांत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून पहाटे ठिबक सुरू करतात. द्राक्षाला रडवणारी हीच थंडी लसणाला मानवते. पण ती येईल तेव्हा रोप हाताशी आलेलं हवं, चार-पाच पानं तरी असायला हवीत. म्हणून पाऊस उघडला, जमीन वाफशावर आली, म्हणजे चिखल सरून नुसती ओल राहिली, की ऑक्टोबरात लावायचा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतं. डिसेंबरात लावला की रोप लहान असतानाच फेब्रुवारीचं ऊन लागतं आणि जेवढी पानं तेवढ्यावर ते गड्डा बांधून मोकळं होतं, तोही सुपारीएवढा. तुम्हाला मिळालेली ती एकच गोल कुडीही पुरेशी थंडी न मिळाल्याने किंवा लागवड उशिरा झाल्याने होते. ती फेकू नका, पुढच्या हंगामात लावली तर तिचंही रोप होतं.

लावताना घाई करू नका. गड्डा आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी फोडा, फार आधी फोडला की पाकळ्या सुकतात. बाहेरच्या बाजूच्या भरीव पाकळ्या वेगळ्या काढा. पाकळी चिमटीत धरून दाबून बघा, दगडासारखी लागली पाहिजे, दबली तर स्वयंपाकघरात द्या. बुडाशी जी टणक चकती असते ती शाबूत हवी, मुळं तिथूनच फुटतात, गड्डा फोडताना नखाने ती खरवडली गेली की पाकळी कुजते. साल काढायची नाही. टोक वर, बूड खाली, वर दोन बोटं माती. दोन ओळींत वीतभरापेक्षा थोडं कमी आणि दोन पाकळ्यांत चार बोटं अंतर ठेवा. मधल्या बारीक, चपट्या पाकळ्यांतून गड्डा बारीकच निघतो, त्या सातपूरच्या दादांसारख्या पातीच्या कुंडीत खोचा.

गच्चीबाग_इंदिरानगर

कादवाकाठ ताई, किती समजावून लिहिलंत! आजच काकूंना वाचून दाखवते. अजून दोन गोष्टी. माझ्या कुंड्या थंडीत मी पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवते, गुलाबासाठी. लसूणही तिथेच होता. चालेल का? आणि खत काय द्यायचं? शेणखताशिवाय मी काही घालत नाही.

परसबाग_चिपळूण

फ्रिजचं विचारलंय म्हणून लिहितो. आमच्याकडे कोकणात थंडी नावालाच, त्यामुळे आम्हाला ती उसनी आणावी लागते. सप्टेंबरात अख्खे गड्डे कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात महिना-दीड महिना ठेवायचे. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत पाणी सुटतं आणि बुरशी धरते. फ्रीजर तर अजिबात नको. बाहेर काढले की त्याच दिवशी फोडून लावायचे, पुन्हा उबेत पडू द्यायचे नाहीत. आमची जमीन लाल, पाणी झटकन निथळतं, त्यामुळे कुजण्याचा त्रास कमी. गड्डे मोठे होत नाहीत, पण पाकळ्या धरतात. वर्षाची बेगमी काही होत नाही, सणासुदीपुरता घरचा लसूण होतो.

कादवाकाठ

चिपळूणकर दादांनी सांगितलं ते कोकणाला बरोबर आहे. नाशिकला माझ्या मते फ्रिजची गरज नाही. बियाण्याला थंडी जास्त झाली तर लसूण वेळेआधीच गड्डा धरतो, गड्डा लहान राहतो आणि बगलेतून फुटवे निघून वेडावाकडा होतो. इथे पहाटेची थंडी फुकट मिळते, ती तेवढी घेऊ द्या.

आणि म्हणूनच भिंतीपासून कुंड्या हलवा. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्रभर ती ऊब सोडत राहते. गुलाबाला ते बरं, लसणाला नको. गच्चीचा जो कोपरा पहाटे सगळ्यात गार लागतो आणि दिवसा सहा तास तरी ऊन खातो, तिथे ठेवा. खालची फरशी तापत असेल तर विटा मांडून त्यावर कुंड्या ठेवा. कुंडी फार खोल नको, वीतभर माती पुरते, पण तोंड रुंद हवं. भाजीची प्लॅस्टिकची क्रेट चांगली, पाणी तुंबत नाही.

मातीचं सांगते. आमची काळी जमीन ओली झाली की चिकट आणि सुकली की भेगाळते, अशा मातीत गड्डा गोल फुगत नाही. तुम्ही कुंडीत पोयटा, म्हणजे गाळाची भुसभुशीत माती घ्या, त्यात तिसरा हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि थोडी नदीची वाळू. शेण कच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि बुरशी दोन्ही येतात. शेणखतावर लसूण होतो, पण गंधक हवंच. लसणाचा उग्र वास गंधकातूनच येतो. लावताना मातीत थोडं सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा, त्यात स्फुरदाबरोबर गंधकही असतं. रासायनिक घालायचं नसेल तर जिप्सम घाला. नत्र (नायट्रोजन, युरियात किंवा शेणाच्या पाण्यात असतं ते) लागवडीच्या वेळी थोडं आणि मग महिन्याने, दीड महिन्याने. दोन महिन्यांनंतर युरियाचा कणही नको, शेणाचं पाणीसुद्धा नको. उशिरा नत्र आणि सढळ पाणी मिळालं की गड्ड्यातल्या पाकळ्यांना आतूनच कोंब फुटतात, लसूण रबरासारखा मऊ होतो आणि टिकत नाही. शेजारणी पाजारणी हिरवीगार पात बघून वाहवा करतात, पण फेब्रुवारीतली ती हिरवाई फसवी असते.

ढगाळ हवा आली की पानाच्या बेचक्यात बघत जा. पान जिथे मानेला मिळतं तिथे हळूच उघडलं की पिवळसर, सुईच्या टोकाएवढे थ्रिप्स नावाचे किडे पळताना दिसतात. पानावर चंदेरी ओरखडे दिसले की समजायचं. घरच्या कुंड्यांना निंबोळी अर्क संध्याकाळी फवारला तरी आटोक्यात राहतात. जांभळट डाग पडून शेंडे वाळायला लागले तर तो करपा, ती पानं काढून टाका आणि पाणी वरून घालू नका, बुडाशी द्या.

गच्चीबाग_इंदिरानगर

आणि काढायचा कधी? मी उगाच उपटून उपटून बघत बसेन.

कादवाकाठ

या जाती साधारण सव्वाशे ते एकशे पस्तीस दिवसांत तयार होतात, म्हणजे ऑक्टोबरअखेर लावलेला मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. पण दिवस मोजण्यापेक्षा पात बघा. खालची पानं वाळली, वरची पिवळी पडली आणि मान मऊ होऊन पात कलायला लागली की पाणी बंद. आठ-पंधरा दिवस माती सुकू द्या. मग एक गड्डा काढून सुरीने आडवा कापा. पाकळ्या सुट्या, भरलेल्या आणि प्रत्येकीला आपली साल धरलेली दिसली तर काढायला घ्या. साल अजून ओली, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतील तर आठवडाभर थांबा. फार उशीर केला तर बाहेरची साल मातीतच फाटते आणि पाकळ्या सुट्या होतात, असा लसूण पावसाळ्यापर्यंत राहत नाही.

एक मात्र सांभाळा. फेब्रुवारी-मार्चात अवकाळी येतो. २०१४ साली याच दिवसांत झालेली गारपीट नाशिक जिल्हा विसरलेला नाही. लसूण तयार असेल आणि आभाळ भरून आलं तर वाट बघू नका, काढा आणि छपराखाली घ्या. तुमच्याकडे कुंड्या आहेत, त्या उचलून आत घेता येतात, ही सोय आम्हाला वावरात नाही.

काढल्यावर धुवायचा नाही, माती हाताने झटकायची. पात कापायची नाही. पातीतला रस गड्ड्यात उतरायचा असतो. सावलीत, वारं खेळेल अशा जागी पसरून ठेवा, पात पूर्ण वाळली की जुड्या बांधून टांगा. बंद डब्यात किंवा प्लॅस्टिकमध्ये भरला की कोंब येतात. सगळ्यात गोल, भरीव गड्डे स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका, बियाण्याला बाजूला काढा आणि त्या जुडीला लाल दोरा बांधा. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर श्रावण येईपर्यंत ती जुडी चटणीत संपते.

आणि हो, ज्या रोपांचा गड्डा हवाय त्यांची पात मधे मधे खुडू नका. पान गेलं की गड्ड्याचं अन्न गेलं. भाकरीबरोबर पात हवी असेल तर तिच्यासाठी वेगळी कुंडी लावा.

सातपूर_टेरेस

ताई, भीमा पर्पलचं बियाणं राजगुरुनगरहून आणणार असाल कुणी तर मलाही सांगा, एका क्रेटपुरतं. यंदा गड्ड्यासाठी लावून बघतो.

गच्चीबाग_इंदिरानगर

दादा, मी या बुधवारी गंगेवर जातेय. जांभळी जुडी मिळाली तर तुमच्यासाठीही घेते, इथेच कळवते.