सोसायटीत जॉगिंग ट्रॅक आहे, पण कोथिंबीर आणायला गाडीच लागते

मुळाकाठ:
पुण्याकडे बाणेर, बालेवाडी, वाकड, कुठल्याही प्रकल्पाची जाहिरात काढा. जिम, तरणतलाव, जॉगिंग ट्रॅक असतोच. राहायला गेल्यावर कळतं की वाण्याचं दुकान मागच्या भिंतीपलीकडेच आहे, पण फाटक एकच आणि तेही पुढच्या रस्त्यावर. मग वळसा घालायचा, अर्ध्या वाटेत फूटपाथ गायब. माणूस मुकाट्याने किल्ली घेऊन पार्किंगमध्ये उतरतो.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सदाशिव-नारायण पेठेत हे कुणी मोजत बसत नाही. भाजी, दळण, वाचनालय, देऊळ यातच बरंचसं चालणं होऊन जातं. तळमजल्यावर दुकानं आणि दोन गल्ल्या जोडणारे बोळ असले की पाय आपोआप निघतात. नव्या वस्त्यांत आपण तेच काढून टाकलं आणि बदल्यात गोल गोल फिरायला ट्रॅक दिला. म्हणून नुसते रुंद फूटपाथ मागू नका. मोठ्या भूखंडातून आरपार पायवाट, एकाहून जास्त फाटकं आणि रस्त्याकडे तोंड केलेली दुकानं, हे बांधकाम नियमावलीतच सक्तीचं करा.

जुनापेठकर:
बाणेरात बसून पेठेचं कौतुक सोपं आहे. आमच्याकडे लोक चालतात कारण गाडी लावायला जागा नाही. आणि चालतात कुठे? रस्त्यावर. फूटपाथवर दुचाक्या उभ्या. सायलेन्सर पायाला भाजत नाही तो दिवस चांगला. गुडघेदुखीच्या माणसाला बोळ दाखवून उपयोग नाही.

मुळाकाठ:
गाडी लावायला जागा नाही म्हणून लोक चालतात, हा मुद्दा तर माझ्याच बाजूचा झाला! दुचाक्यांबद्दल मात्र शंभर टक्के मान्य.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
धागाकर्त्याने एकदा मेंटेनन्सचा हिशेब लिहून बघावा. प्रत्येक जादा फाटकाला तीन पाळ्यांचे रखवालदार लागतात. लोकांनी बंदिस्त सोसायटी बघूनच घर घेतलंय. आत लहान मुलं बिनधास्त खेळतात, ज्येष्ठ फिरतात. तो व्यायाम नाही का? आरपार वाट दिली की आधी डिलिव्हरीवाले घुसणार, मग शॉर्टकट मारणारे बाइकवाले. भिंत हौसेने नाही घातली.

सायली_के:
सेक्रेटरीसाहेब, त्या भिंतीच्या बाहेरून कधी रात्री चालून बघा. बसस्टॉपवरून घरी येताना एका बाजूला लांबलचक आंधळी भिंत, दुसरीकडे पत्रे ठोकलेला रिकामा प्लॉट. जिथे भुर्जीची गाडी आणि मेडिकल उघडं असतं, तिथे मला भीती वाटत नाही. तुमच्या आतल्या सुरक्षिततेचा खर्च बाहेर चालणाऱ्या बायका भरतात. आणि फूटपाथ मोकळे करायचे म्हटलं की आधी हातगाडीवाल्यांनाच हाकलतात, हे तर अगदी उलटं आहे.

गल्लेवाला:
आता व्यापाऱ्याचंही ऐका. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्ता नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्यांना बंद. फोटो झकास येतात. पण लग्नाचा बस्ता बांधायला गावाकडून येणाऱ्या कुटुंबाने गाडी कुठे लावायची? आधी वाहनतळ द्या, मग चालायला सांगा.

रस्तेवाला_अभियंता:
वाहनतळ आधी, हे मी विद्यार्थी असल्यापासून ऐकतोय. जागा वाढवली की गाड्याही वाढतात. जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद केले तेव्हाही ओरड झाली होती. आज तिथे संध्याकाळी लोक बाकांवर निवांत बसलेले दिसतात. अर्थात तो रस्ता एकेरी आहे, म्हणून तिथे जमलं. सगळीकडे जमेलच असं नाही.

पण मानकं कागदावर आहेतच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळा फूटपाथ आणि कमाल १५० मिलिमीटर उंची सांगितली आहे. प्रत्यक्षात दर इमारतीच्या फाटकापाशी उतार. चढा, उतरा, पुन्हा चढा. गुडघे त्यानेच जातात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्यामुळे माझ्या मते आधी फूटपाथ, दुकानं आणि बोळ नंतर.

मुळाकाठ:
इथे मतभेद. जायला ठिकाणच नसेल तर १.८ मीटरवर गाड्याच लागणार, जुनापेठकरांना विचारा. नियमावली बदलेल तेव्हा बदलो. तोवर मागच्या भिंतीला एक माणूस जाईल एवढं छोटं दार करा. सकाळी सहा ते रात्री दहा, रहिवाशांच्या कार्डावर उघडणारं. रखवालदार नको, बाइक शिरणार नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
कार्ड पाहुण्यांना मिळणार का, हरवलं तर कोण भरणार, दार उघडं राहिलं तर जबाबदार कोण, लिहून द्या. सर्वसाधारण सभेत ठेवतो. पण आधीच सांगतो, अजेंड्यावर पहिला विषय दुसऱ्या गाडीच्या पार्किंगचा आहे आणि गेल्या सभेत त्याच्यापुढे आपण गेलो नव्हतो.

सायली_के:
त्या दारापाशी बाहेरच्या बाजूला दिवाही लिहा अर्जात.