बालदिनाला ४८ पोरांना स्वस्तात काय द्यावं?

दुसरीच्या बाई:
१४ नोव्हेंबरला वर्गातल्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यायचंय, पैसे माझ्याच पर्समधून, त्यामुळे माणशी दहाच्या वर नको. चॉकलेट शाळेत चालत नाही. सुचवा ना कोणीतरी!

परळवाला:
क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला जा, पेन्सिली, खोडरबर, स्टिकर सगळं होलसेलमध्ये मिळतं, भाव मात्र करा.

रिटायर्ड टीचर:
अगं विकत कशाला, जुन्या लग्नपत्रिका जमव. जाड कागद असतो, उभ्या पट्ट्या कापायच्या, वर पंचिंग मशीनने भोक, त्यात लोकरीचा गोंडा, झाला बुकमार्क. मागे एक ओळ लिही, "छान मुलगा" असली गुळगुळीत नको, त्याच्याचबद्दलची, पोरं जपून ठेवतात. गणपतीचं चित्र कापू नकोस हं, कोणाला तरी खटकतंच.

दुसरीच्या बाई:
पत्रिका आईकडे पिशवीभर पडल्यात! पण एवढीशी पोरं कात्री धरणार?

रिटायर्ड टीचर:
पट्ट्या तू घरूनच काप, गोंडा त्यांना करू दे. दोन बोटांना लोकर गुंडाळायची, काढून वरून गाठ मारायची, खालचं टोक तू काप. फेविकॉल लागलाच तर बाटली देऊ नकोस, झाकणात थोडाथोडा दे, नाहीतर बाकं पुसत बसशील.