तांबडा समुद्र, हुती आणि आपली माणसे

देवगडकर
डिसेंबर २०२३ मध्ये येमेनमधील हुती बंडखोरांपासून तांबड्या समुद्रातील जहाजांच्या रक्षणासाठी अमेरिकेने आघाडी उभारली आणि भारत तिच्याबाहेर राहिला. याला मी कच खाणे म्हणतो. हुतींना बॉम्बखेरीज दुसरे काही समजत नाही.

गुहागरकर
आपले शेवटचे वाक्य वाचता वाचता माझा चहा गार झाला, म्हणून सविस्तर लिहितो. तीस वर्षे जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला अशी वाक्ये सहन होत नाहीत. १५ मार्च ते ६ मे २०२५ या काळात अमेरिकेने येमेनवर बॉम्बच टाकले, रास ईसाच्या तेलबंदरावरील एका हल्ल्यात सत्तरहून अधिक माणसे मेल्याचे हुतींनी सांगितले, आणि शेवट काय झाला, तर ओमानच्या मध्यस्थीने समझोता. त्यात अमेरिकी जहाजांना अभय मिळाले, बाकीची वाऱ्यावर राहिली. दोनच महिन्यांत हुतींनी ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही जहाजे बुडवली. उलट २६ जानेवारी २०२४ रोजी हुतींच्या क्षेपणास्त्राने ‘मार्लिन लुआंडा’ जहाज पेटले, तेव्हा आयएनएस विशाखापट्टणमचे नौसैनिक त्या जहाजावर चढून आग विझवायला लागले. त्यावर २२ भारतीय होते. आघाडीत नसल्यामुळे आपले काही अडले का?

देवगडकर
काका, नौदलाचा बंब करायचा असेल तर तसे सांगा. क्षेपणास्त्र सोडणारा हात शाबूत ठेवला, तर पुढचे जहाज पेटणारच. त्यानंतर दीड महिन्याच्या आत ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावर हुतींच्या हल्ल्यात तीन खलाशी मेले. आणि नमते घेतल्याचा परिणाम आपण कंदाहारला पाहिला आहे. १९९९ मध्ये अपहृत विमानातील प्रवाशांच्या बदल्यात सोडलेल्या तिघा दहशतवाद्यांपैकी मसूद अझहरने वर्ष उलटण्याच्या आत ‘जैश’ ही दहशतवादी संघटना उभी केली.

हर्णैची सून
दादा, त्या विमानात तुमच्या घरचे कोणी असते, तर हे वाक्य तुम्ही असेच लिहिले असते का? माझे यजमान २०२४ च्या त्याच जानेवारीत एडनच्या आखातातून गेले. त्यांनी पाठवलेल्या फोटोत सगळे खलाशी केबिन सोडून आतल्या बोळात जमिनीवर झोपले होते, अंगात लाइफजॅकेट आणि उशाला हेल्मेट. धोक्याच्या पट्ट्यात जायला नकार देण्याचा हक्क करारात लिहिलेला असतो. पण तो वापरला तर पुढच्या कॉन्ट्रॅक्टची वाट पाहू नये, असे एजंटाने तोंडावर सांगितले, आणि जोखमीच्या भत्त्यातूनही काही रक्कम स्वतःसाठी कापून घेतली. आधी या एजंटांचे काय करायचे ते बोला.

रेवदंड्याचा नाखवा
वहिनी, एजंटांबद्दल लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही. परंतु नमते घेण्याचा विषय निघालाच आहे, तर ‘अस्फाल्ट व्हेंचर’ विसरू नका. ते सोमाली चाच्यांनी २०१० मध्ये धरले. चाचे पैशासाठी धरतात, हुती राजकारणासाठी, हा फरक मला ठाऊक आहे, पण ओलिसाला त्याचा काय उपयोग? एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोहोचली, जहाज सुटले, तरी सात भारतीयांना त्यांनी ठेवून घेतले, कारण आपल्या नौदलाने पकडलेले शंभरावर चाचे त्यांना परत हवे होते. ते सात जण सुटले ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस.

देवगडकर
माझेच म्हणणे सिद्ध झाले. पैसे देऊनही माणसे मिळाली नाहीत.

गुहागरकर
आणि नौदलाने हात उचलला म्हणूनच ती अडकली, हे अर्धे वाक्य आपण सोयीस्करपणे गिळलेत. असे वाचायला शिकवले कोणी?

देवगडकर
वयाचा मान ठेवतो म्हणून याला उत्तर देत नाही.

मुरूडची मास्तरीण
दोघांनीही जरा होदेइदाकडे पाहावे. येमेनचे बहुतेक धान्य याच बंदरातून उतरते. २०२१ मध्ये अमेरिकेने हुतींना परदेशी दहशतवादी संघटनांच्या यादीतून काढले, ते त्यांच्यावरील प्रेमापोटी नव्हे, तर बंदीमुळे धान्याचा व्यापार आणि मदत अडेल म्हणून. २०२५ मध्ये त्यांना पुन्हा यादीत घातले. बंदर फोडले तर आधी उपाशी कोण राहील? ज्यांनी हुतींना कधी निवडून दिले नाही, ती माणसे.

देवगडकर
बंदरे फोडू नयेत, हे मान्य. ‘अस्फाल्ट व्हेंचर’चे अर्धे वाक्यही मान्य, काकांचा चहा पुन्हा गार व्हायला नको. परंतु उपाशी माणसांच्या आडून क्षेपणास्त्रे सोडणाऱ्यांचे काय करायचे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

हर्णैची सून
सांगता मलाही येणार नाही. यजमानांच्या कंपनीने या खेपेला जहाज आफ्रिकेला वळसा घालून न्यायचे ठरवले आहे, म्हणजे दहा-बारा दिवस जास्त लागतील. शिमग्याची पालखी दारात येईल तेव्हा ते घरी नसतील, आणि या वर्षी मला त्याचे वाईट वाटत नाही.